फ्लेक्सची मागची बाजू

२ फेब्रुवारी

ही डायरी एका कंपनीची. दुकानात छापायला आली होती, मालकाचं आडनाव चुकलं, गठ्ठाच्या गठ्ठा परत आला. किसनशेठ म्हणाले, कुणाला पाहिजे तर घ्या रे. मी घेतली. जानेवारी कोराच आहे. त्याचं काय करायचं ते नंतर बघू.

काम सध्या फ्लेक्सचं. तळवड्याला आयटी पार्कच्या मागच्या गल्लीत किसनशेठचं दुकान. ते छापतात, मी बांधतो. याआधी वाकडला बाइक टॅक्सी, त्याआधी पॅकिंग, त्याआधी आयटीआय, ते अर्धं. केजहून आलो तेव्हा मंजुळामावशी म्हणाली होती, एका जागी बूड टेक. टेकतो, पण खाजवतं.

फ्लेक्स मागून बांधायचा असतो, हे लोकांना माहीत नसतं. बांबूच्या सांगाड्यावर मागच्या अंगानं चढायचं, रिंगेतून सुतळी ओढायची, गाठ मारायची, पुढं सरकायचं. समोरून भाऊ, दादा, साहेब हात जोडून रस्त्याकडं बघत असतात. आपल्याला नुसतं पांढरं. उतरून, रस्ता ओलांडून बघावं लागतं, सरळ लागलाय का. किसनशेठ रोज सांगतात, बघत जा. मी बघत नाही. तोवर दुसरंच काहीतरी बघण्यासारखं निघतं.

आज चाकण रोडच्या त्या खासगी विद्यापीठाच्या गेटवर एक बारकं बॅनर बांधलं. पोरांनी स्वतःच्या खर्चानं केलेलं. 'आमची नावं परत घ्या.' बांधून उतरलो तर एक मुलगी म्हणाली, "दादा, वाकडं लागलंय."

म्हटलं, "रेलिंगच वाकडं आहे."

"मग काय, आमचीच चूक का?"

सगळे हसले. मी परत चढलो आणि सरळ केलं. महिनाभरात पहिल्यांदाच.

४ फेब्रुवारी

सुतळीचा बंडल आणायला निघालो होतो, गाडी आपोआप त्या गेटवर थांबली. चहा मिळाला.

प्रकरण असं आहे. तिथं 'कमवा आणि शिका' डिप्लोमा आहे. निम्मे दिवस वर्ग, निम्मे दिवस कंपनीत शिकाऊ. कागदावर आठ तास. कंपनीच्या गेटातून आत गेलं की बारा. बस येते, भरते, नेते. आयुष म्हणून एक पोरगा आहे, एकदम शांत. तो प्रेसवर उभ्या उभ्या झोपला. बोट वाचलं, नख गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यासकट नऊ जणांनी सुपरवायझरला सांगितलं, आठ तास झाले की आम्ही उतरणार. आठवड्याच्या आत नऊच्या नऊ जणांची नावं विद्यापीठानं पटावरून कमी केली. ९ मार्चपासून शेवटच्या वर्षाची परीक्षा. नाव नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर तीन वर्षं गेली.

बॅनर वाकडं म्हणणारी मुलगी आम्रपाली. देहूरोडची. बोलते तेव्हा आवाज चढवत नाही, त्यामुळं जास्त ऐकू येतं.

सतरंजीवर नऊ जागा. एकही रिकामी ठेवायची नाही, कारण जागा रिकामी दिसली की गेटवरचा सिक्युरिटी फोटो काढून वर पाठवतो, आंदोलन संपत आलं म्हणून. मग कुणाला उठायचं झालं की दुसरा कुणीतरी बसतो. आयुष मला म्हणाला, "भावा, पाच मिनिटं जागा धर ना."

मी हसलो. कंपनीत लाइनवर रिलीव्हर असतो. एखाद्याला लघवीला जायचं असेल तर रिलीव्हर त्याच्या जागी उभा राहतो, म्हणजे लाइन थांबत नाही. मी तेच काम केलंय. दिवसभर सगळ्यांच्या जागी उभा, स्वतःची जागा कुठंच नाही. मला आवडायचं ते.

आयुष आल्यावर मी म्हणालो, "सुतळी घेऊन आलोच." चाकणला गेलो, तिथं एक जेसीबी जुनी टपरी पाडत होता. बघता बघता सुतळीचं दुकान बंद झालं.

७ फेब्रुवारी

आज दुकानात हिंदुरावभाऊ आले. भाऊ आले म्हणजे आधी दोन गाड्या येतात, मग भाऊ. किसनशेठ उभे राहिले, मग डिझायनर उभा राहिला, मी शिडीवर होतो म्हणून उतरून उभा राहिलो. बावीस तारखेला भाऊंचा वाढदिवस. तळवड्यापासून चाकणपर्यंत फ्लेक्स लावायचे.

"काय रं पोरा, कुठला तू?"

"केजकडचा."

"लांबून आलास की. चहा पिलास का?"

चहा पाजला. एवढा मोठा माणूस, आणि विचारतोय चहा पिलास का. मग बोलता बोलता निघालं की मी त्या गेटवर जातो. म्हणाले, "बसल्यात न्हवं पोरं उन्हात. कोण कोण हायती रं? बरी हायती ना?" मी सांगितलं सगळं. कोण कुठून येतं, साखळी उपोषण करायचं ठरतंय, आयुषची आई भिमाबाई एकटी असते, तिला बीपीचा त्रास आहे, म्हणून तो रात्री घरी जातो. भाऊ मान हलवत होते. "लय वाईट वाटतं रं." दोन-तीनदा म्हणाले.

जाताना किसनशेठना म्हणाले, "ह्या गड्याचा फोटू टाका शुभेच्छुकात. गॉगल घालून."

गॉगल भाऊंचाच. त्यांच्या गाडीला टेकून फोटो काढला. गाडीच्या मागच्या काचेवर केशरी वाघाचं रेडियम आहे. तसाच वाघ पोरांना न्यायला येणाऱ्या बसवर पण बघितला. एकाच रेडियमवाल्याकडचे असणार. चांगलं काम आहे.

मावशीला फोटो दाखवला. ती डबे भरत होती. कंपनीवाल्यांचे तीस-चाळीस डबे असतात रोज.

"कुणाचा भाऊ हा?"

"सगळ्यांचा."

"मग तुझा कशाला झाला?" म्हणाली, आणि कांदा माझ्याकडं सरकवला.

११ फेब्रुवारी

साखळी उपोषण सुरू झालं. रोज दोघं, सकाळी दहा ते दुसऱ्या दिवशी दहा. बाकीचे सोबत बसतात.

एक विचित्र झालं, कुणीतरी आयुषच्या घरी गेलं होतं. दोन माणसं, फळं घेऊन. भिमाबाईंना म्हणाले, पोराला समजवा, तुमच्या तब्येतीला झेपायचं नाही. तिला बीपी आहे हे त्यांना माहीत होतं.

आम्रपाली म्हणाली, "हे बाहेर कसं जातं? आपल्यातलंच कुणीतरी बोलतंय."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मीही बघितलं. नऊ जणांतल्या स्वरूपाचा मला जरा संशय येतो, ती फोनवर फार असते. नंतर कळलं, तिची आई गावी आजारी आहे.

मला आता सगळे नवनाथदादा म्हणतात. आम्रपालीसुद्धा. दादा नको होतं तसं.

१४ फेब्रुवारी

आज माझ्यावर एक काम होतं. मावशीच्या मेसमधून मोठं पातेलं आणायचं, पाणी तापवायला. म्हटलं, आलोच. वाटेत किसनशेठचा फोन, वाकडला एका सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स सुटलाय. गेलो. तिथं जुना बाइक टॅक्सीवाला अर्जुन भेटला, त्यानं नवीन गाडी घेतलीय, म्हटला चक्कर मार. चक्कर हिंजवडीपर्यंत गेली. तिथं सिग्नल बंद पडलेला, ट्रॅफिक बघत बसलो, एक माणूस गाडीतून उतरून स्वतःच पोलिसासारखे हात करत होता, आणि लोक त्याचं ऐकत होते. संध्याकाळ झाली.

गेटवर गेलो तर पातेलं आधीच आलं होतं. मावशी स्वतः रिक्षानं घेऊन आली होती. पोरांना म्हणाली होती, "आमच्या नवनाथचं 'आलोच' म्हणजे दिवाळीपर्यंत थांबायची तयारी ठेवा."

आता सगळे तेच म्हणतात. मी उठलो की स्वरूपा ओरडते, "दादा, कुठली दिवाळी?"

१६ फेब्रुवारी

आयुषनं सही केली. हमीपत्रावर. यापुढं शिस्त पाळीन, कंपनी सांगेल तेवढे तास करीन. आई पडली म्हणे घरात, काही मोठं नाही, पण तो घाबरला. त्याचं नाव पटावर परत लागलं. आज सकाळी बसमध्ये चढताना तो आमच्याकडं बघत नव्हता. खिडकीशी बसला, नख नसलेलं बोट काचेला लावून.

आठ राहिले. नववी जागा रिकामी. सिक्युरिटी मोबाइल घेऊन तयारच.

मी बसलो. आम्रपालीला पटत नव्हतं. "बाहेरचे बसले की विद्यापीठ म्हणणार, हे आंदोलन बाहेरच्यांनी पेटवलंय."

स्वरूपा म्हणाली, "अगं, ह्यानं साधी काडी आणायचं कबूल केलं तरी ती विझलेली असते. हा काय पेटवणार?"

ठरलं, पाठिंबा म्हणून बसायचं. आणि बसलो तर आज उपोषणाची पाळी त्याच जागेची होती. म्हटलं तेही करतो.

१७ फेब्रुवारी

उपोषण केलं. खरंच केलं. कुणी सांगितलं असतं तर माझाच विश्वास बसला नसता.

भूक दुपारी लागत नाही, दुपारी कंटाळा येतो. भूक संध्याकाळी लागते, वडापावच्या गाडीवर पहिला घाणा निघाला की. बूड उचलायला जीव तळमळत होता. रस्त्यापलीकडं दोन ट्रकवाले भांडायला लागले, एकानं दुसऱ्याची चावी काढून घेतली, आणि मला इथून नीट दिसेना. मी गुडघ्यावर उठलो. आम्रपाली म्हणाली, "दादा, तुमचं इथं काही अडलेलं नाही. जायचं असेल तर जा." रागानं नाही म्हणाली. म्हणून बसलो.

मग तिनं तिच्या वडिलांचं सांगितलं. भीमराज नाव. एकाच कंपनीत अख्खं आयुष्य टेंपररी. दर सात महिन्यांनी ब्रेक, परत नवीन कार्ड. निवृत्त झाले तेव्हा सत्कार नाही, कारण कागदावर ते सात महिन्यांचेच कामगार. "पप्पांनी कधी विचारलं नाही. म्हणायचे, आपल्याला कोण ओळखतं. मला तो डिप्लोमा पाहिजे, नवनाथदादा. माझ्या नावाचा. मेडल नको, काही नको. पटावर नाव पाहिजे."

म्हटलं, "मिळेल." ती म्हणाली, "कशावरून?" म्हटलं, "असंच." ती हसली. मला वाटतं, आता दादा म्हणताना ती जरा थांबते. किंवा तिला भूक लागली असेल, तीही उपोषणाला होती.

२० फेब्रुवारी

नीट लिहितो.

सकाळी टेम्पो भरून भाऊंचे फ्लेक्स. किसनशेठ म्हणाले, सगळ्यात मोठा विद्यापीठाच्या समोरच्या चौकात. मला बरंच वाटलं, म्हटलं काम करता करता पोरांना हात करू. सांगाडा आदल्या दिवशीच उभा केलेला. मागून चढलो, खालची रांग बांधली, वरची बांधली. पांढरंशुभ्र कापड, जाड, पलीकडचं काही दिसत नाही. पलीकडं घोषणा चालू होत्या, मी त्या तालावर गाठी मारत होतो. मध्येच घोषणा थांबल्या. म्हटलं, चहा आला असेल.

उतरलो आणि पाणी प्यायला रस्ता ओलांडून सतरंजीवर गेलो. कुणी सरकलं नाही. रोज सरकतात.

स्वरूपा म्हणाली, "या शुभेच्छुक."

मला कळेना. आम्रपाली म्हणाली, "नवनाथ, मागं बघ."

पहिल्यांदाच दादा नाही म्हणाली.

मागं बघितलं. भाऊ मधोमध, दोन मजले उंच, हात जोडलेले. खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत मी. गॉगल घालून. खरं सांगायचं तर डोक्यात पहिलं हेच आलं, फोटो मस्त आलाय. मग खालची ओळ वाचली. 'नवनाथ. आंदोलक विद्यार्थी प्रतिनिधी.'

"मी विद्यार्थी कुठाय?" मी म्हणालो.

"तेच विचारतोय आम्ही," आम्रपाली म्हणाली. "आत्ताच दोन पत्रकार फोटो काढून गेले. विद्यापीठाच्या ग्रुपवर पण आलाय. आंदोलकांचा प्रतिनिधी कंत्राटदाराला शुभेच्छा देतोय म्हणून."

"कुठला कंत्राटदार?"

मग आम्रपाली मला लहान पोराला सांगावं तसं सांगायला लागली. ज्या बसनं आम्हाला नेतात, ती बस कुणाची. कंपनीत आमची हजेरी कुणाच्या माणसाकडं लागते. बारा तासांतले वरचे चार तास कुणाच्या खात्यात जातात. मी भाऊंच्या तोंडाकडं बघत होतो. फ्लेक्सवर ते फार प्रेमळ दिसतात.

मग मला वाघ आठवला. रेडियमवाला एकच, असं मी लिहून ठेवलंय इथंच वर.

आणि मग बीपी आठवलं.

"आयुषच्या आईचं मीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "भाऊंनी विचारलं, बरी हायती ना पोरं. मी सांगितलं."

स्वरूपानं तोंड फिरवलं. आम्रपालीनं नवव्या जागेवर आपली सॅक ठेवली.

२१ फेब्रुवारी

गेलो नाही. कुठंच गेलो नाही. मग बॅग भरली. नाशिकला एक मित्र आहे, द्राक्षाच्या पॅकिंगमध्ये. हैदराबादलाही एक आहे. पुन्हा बॅग रिकामी केली, कारण चार्जर सापडेना.

मावशी डबे धूत होती. "काय करायलास?"

"जातोय."

"जा. तुला जायला चांगलं येतं." डबा आपटला. "पण जाताना त्या पोरींना सांगून जा, की जातोय. आलोच म्हणू नको. तेवढं खोटं बोलू नको."

"माझा फोटो लागलाय मावशी तिथं."

"बघितला. डबे द्यायला गेले होते. इतका खुळा गॉगल कुणी दिला तुला?"

तिला सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "मग काढ की तो. तूच बांधलास ना?"

दुसऱ्याचा फ्लेक्स काढत नसतात. हे आमच्या धंद्यात कुणी सांगत नाही, माहीत असतं. निवडणुकीत पडलेल्या माणसाचासुद्धा तो स्वतः सांगेपर्यंत काढायचा नाही. हात तुटतात.

२२ फेब्रुवारी

सकाळी किसनशेठचा फोन. "चौकातल्या फ्लेक्सचा खालचा कोपरा वाऱ्यानं सुटलाय. अकरा वाजता भाऊ तिथंच केक कापणार हायत. पटकन जा." मी म्हटलं, आलोच.

आणि गेलो. मी स्वतः बघत होतो, आता कुठं वळतोय. कुठं वळलो नाही.

चौकात गर्दी, स्पीकर, गाडीच्या बॉनेटवर केक. तलवारीनं कापला की केस होते म्हणून यंदा हातभर सुरी. पलीकडं सतरंजी, आठजण आणि एक सॅक. मी मागून सांगाड्यावर चढलो. कोपरा बांधला. गाठ पक्की मारली, काम ते काम.

माइकवर भाऊंचा माणूस बोलत होता. "भाऊंनी विद्यार्थ्यांचा प्रश्न मनावर घेतलेला आहे. आंदोलक विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी नवनाथ स्वतः भाऊंना केक भरवून उपोषण मागं घेत आहेत, असं मी जाहीर करतो. नवनाथ, कुठं आहात? पुढं या."

मी अगदी मागं होतो. माझ्या नाकासमोर पांढरं कापड.

खिशात कटर. रात्री पडल्या पडल्या पाठ केलं होतं, माझा फोटो खालच्या रांगेत, डाव्या हाताला, कडेपासून दुसरा. डाव्या हाताला सरकलो. कटर घातला, चार बाजूंनी फाडला, तुकडा खाली पडला. भोक झालं. ऊन तोंडावर आलं. माझं तोंड आहे ना तिथं, मग तोंडच घालावं असं वाटलं, का ते माहीत नाही. डोकं बाहेर काढलं.

सगळा चौक वर बघायला लागला. स्पीकरवाल्यानं गाणं बंद केलं.

मी भोकातून बघितलं, तर खाली भाऊंचे धाकटे मेहुणे. हातात कागदाचे तुकडे उडवायचा फटाका, तोंड उघडं. ते स्वतःच्या फोटोच्या जागेकडं बघत होते, आणि तिथं मी होतो. मान वळवून दुसऱ्या कडेला बघितलं, तर तिथं गॉगल घालून मी तसाच. मागून डावं म्हणजे पुढून उजवं. दीड महिना हेच काम करतोय आणि हे डोक्यात आलं नाही.

म्हणजे फ्लेक्सवर मी दोनदा होतो.

पलीकडून कुणीतरी हसलं. स्वरूपाच असणार. मग सगळे हसले, भाऊंच्या गर्दीतली पोरंसुद्धा, ती आधी हसली आणि मग त्यांनी बघितलं, हसायचं होतं का. सगळ्यांचे मोबाइल वर.

म्हटलं, आता बोललंच पाहिजे. "तो तिकडचा गॉगलवाला," मी म्हणालो, "तो भाऊंचा शुभेच्छुक. हा मी. मी विद्यार्थी नाही. मी फ्लेक्स बांधतो. प्रतिनिधी-बितिनिधी कुणी नाही मी. विद्यार्थी ते, पलीकडं बसलेत ते. बारा तास करत नाही म्हटले म्हणून त्यांची नावं काढली. ती परत घ्या."

एवढंच. नंतर पुष्कळ चांगलं सुचलं, पण ते आता घरी.

भाऊ वर बघत होते. हात जोडलेलेच होते, फ्लेक्ससारखे. हळूच म्हणाले, पण माइक चालू होता, "उतरवा रं त्याला."

सांगाडा हलवायला लागले. मीच उतरलो. कानाखाली दोन बसल्या, शर्ट फाटला, कुणीतरी पाठीत मारलं. मग एकदम ढकलाढकली झाली आणि माझ्याभोवती ओळखीच्या चपला दिसल्या. आठच्या आठ रस्ता ओलांडून आले होते. आम्रपाली माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभी, आवाज न चढवता म्हणत होती, "हात लावायचा नाही. सगळं रेकॉर्ड होतंय."

पलीकडं सतरंजी पूर्ण रिकामी. मी म्हणालो, "अगं जागा, जागा!" सिक्युरिटी फोटो काढेल म्हणून. तो काढत नव्हता. तोही इकडंच बघत होता.

२६ फेब्रुवारी

नोकरी गेली. किसनशेठ वाईट नाहीत. म्हणाले, "तू बांधतोस चांगलं. पण काय बांधतोस ते बघत न्हाईस, आणि बघितलंस तर असं बघतोस. मला ह्याच रोडवर धंदा करायचाय." कटर मागितला नाही. मीही दिला नाही.

व्हिडिओ फार फिरला. वाकडचा अर्जुन म्हणाला, सिग्नलवर एका गिऱ्हाइकानं त्याला माझाच व्हिडिओ दाखवला. पत्रकार परत आले, या वेळी विद्यापीठात गेले आणि विचारलं, तुमचे विद्यार्थी कंत्राटदाराच्या हजेरीवर कसे? पालकही आले. आम्रपालीचे पप्पा भीमराज आले, इस्त्रीचा शर्ट घालून, बसून राहिले दिवसभर.

आज नोटीस लागली. आठही जणांची नावं पटावर परत. परीक्षेला बसता येईल. बारा तासांबद्दल समिती.

पोरं नाचली. मी पण नाचलो. मग आम्रपाली म्हणाली, "समिती म्हणजे काही नाही. आठ तास लिहून मिळेपर्यंत सतरंजी उठणार नाही." स्वरूपा म्हणाली, "आणि परीक्षेच्या वेळी कोण बसणार?"

कुणीच माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम. मग मीच म्हणालो, मी बसतो.

आयुषच्या आईचं मी बोललो, ते आम्रपालीनं माफ केलेलं नाही, मलाही दिसतंय ते. मग तिनं नवव्या जागेवरची सॅक उचलली.

९ मार्च

सकाळी पोरं आत गेली. पेन, पाण्याची बाटली, ओळखपत्र. आम्रपालीनं गेटातून वळून बघितलं. मी हात केला. ती माझ्याकडं नाही, सतरंजीकडं बघत होती.

त्या फ्लेक्सचं आता आमचं छप्पर झालंय. भाऊंच्या माणसांनी फाटका म्हणून टाकून दिला होता. छापील बाजू वर, पांढरी खाली. मेहुण्यांच्या भोकातून चौकोनी ऊन पडतं आणि सतरंजीवरून सरकत राहतं.

एकटा नऊ जागांवर. कसा बसणार? आधी या टोकाला बसलो, मग मध्ये. मग एका जागेवर चप्पल, एकीवर डबा, एकीवर पाण्याचा जार, एकीवर ही डायरी. सिक्युरिटी आला, बघून गेला. थोड्या वेळानं परत आला आणि त्याची टोपी एका जागेवर ठेवून गेला. म्हणाला, "घाम येतो डोक्याला."

चौकात जेसीबी आला. भाऊंचा सांगाडा उभा होता त्याच जागी खोदायला लागला. पाइप फुटला वाटतं, पाणी कारंज्यासारखं उडालं, लोक धावले. माणसं ओरडत होती, मला नीट दिसत नव्हतं. मी गुडघ्यावर उठलो. बसलो. परत उठलो. परत बसलो. काय फुटलं ते अजून मला माहीत नाही.

पेपर संपायच्या आधीच आयुष बाहेर आला. त्याला थोडंच येत होतं म्हणे, रात्रपाळी होती काल. बस उभी होती, दुपारच्या पाळीची, वाघाची. तो बसकडं गेला नाही. येऊन पलीकडं उभा राहिला, सतरंजीच्या कडेबाहेर. बराच वेळ.

मी डबा उचलून जागा केली.

तो बसला. बोट झाकून. बसचा हॉर्न वाजला, एकदा, दोनदा, मग बस गेली. तो गेला नाही, म्हणजे त्याचं नाव परत जाणार. त्याला माहीत होतं. मलाही.

"आईला काय सांगशील?"

"ती म्हणाली, जा बस." मग म्हणाला, "सकाळपासून एकटाच आहेस? लघवीला तरी जाऊन आलास का?"

नव्हतो गेलो.

"जा भावा. जागा मी धरतो."

मी म्हणालो, "आलोच."

आणि आलो.